एर्सिलियाची पुरचुंडी

सान मार्तिनोच्या सणाच्या सकाळी घरात भात शिजल्याचा वास आला, तेव्हा एर्सिलियाला आधी वाटलं, कुणाचं तरी पोट बिघडलं. नावेल्लीच्या पठारावर भात शिजायचा तो आजाऱ्यासाठी, नाहीतर बाळंतिणीसाठी. सणाच्या दिवशी, त्यातून लग्नाची बोलणी करायला माणसं यायची असताना, चुलीवर भात? तळघरातून नव्या वाइनची सुरई घेऊन ती वर येत होती, ती जिन्यातच थांबली. भाताच्या वासामागून आणखी एक वास येत होता. तो मात्र चांगलाच ओळखीचा होता. गेला महिनाभर तिची बोटं, तिचा ॲप्रन, तिचे केस त्याच वासाचे झाले होते. पण तो यायचा निखाऱ्यावर धरलेल्या चाळणीतून. पातेल्यातून तो आजवर कधी आला नव्हता.

"अगं आई गं!" ती म्हणाली आणि उरलेल्या पायऱ्या धावतच चढली.

चुलीपाशी एन्रिका बाह्या सरसावून उभी होती. मिलानची ही धाकटी सून परवाच्या गाडीने पहिल्यांदा घरी आली होती. एर्सिलियाच्या भावाने, गाएतानोने, तिकडे कारखान्याजवळच्या चर्चमध्ये लग्न उरकून घरच्यांना नुसता फोटो पाठवला होता, त्याचा राग अजून कुणाच्या मनातून गेला नव्हता. पोरगी वाईट नव्हती. बॅगेतून सगळ्यांसाठी तांदूळ आणि लोणी घेऊन आली होती, आणि आल्या दिवसापासून "मी काय करू? मला काहीतरी काम द्या" असं करत सगळ्यांच्या पायांत येत होती. आता ती लाकडी डाव फिरवत गुणगुणत होती आणि पातेल्यात पिवळंधम्मक काहीतरी रटरटत होतं.

टेबलावर, कांद्याच्या सालांशेजारी, एर्सिलियाची पुरचुंडी उघडी पडली होती.

"हे काय केलंस, वहिनी?"

"रिसोत्तो!" एन्रिका उत्साहाने म्हणाली. "पाहुण्यांना आमच्याकडचं काहीतरी करून घालावं म्हटलं. कोंबडीचं पाणी होतंच, खाटकाकडून नळी आणली, तिचा मगज काढला. चव बघतेस?"

"ती पुरचुंडी तुला दिली कुणी?"

"पेटीतून घेतली. जाऊबाईंना विचारलं मी. त्या म्हणाल्या, पेटीत ढीग पडलाय, घ्या हवं तेवढं. मोठ्या पिशव्या व्यापाऱ्याच्या आहेत एवढं मला कळतं गं, त्यांना मी हात लावला नाही. ही एवढीशी दिसली. म्हटलं, ही असणार स्वयंपाकाची."

स्वयंपाकाची! एर्सिलिया मटकन बाकावर बसली.

या घरात स्वयंपाकाचं केशर नावाची वस्तूच नव्हती. या घरातच काय, पठारावरच्या कुठल्याच घरात नव्हती. केशर म्हणजे औषधपाणी, केशर म्हणजे छपराची कौलं, केशर म्हणजे पोरांचे बूट. उजाडायच्या आत फुलं खुडायची, टेबलाभोवती बसून एकेका फुलातले तांबडे तंतू नखाने वेगळे करायचे, चाळणीत घालून निखाऱ्यावर वाळवायचे आणि लाक्विलाच्या व्यापाऱ्याची वाट बघायची. त्यापुढे त्याचं काय होतं ते व्यापारी जाणे आणि शहरातली माणसं जाणोत. एर्सिलियाचे वडील, बेरार्दिनो, गेल्या वसंतात गेले. ते तर म्हणायचे, आज केशर खाणारा उद्या घराचं दार खाईल. लहानपणी एर्सिलियाने एकदा बोट चाटलं होतं, तर त्यांनी तिचा हात धरून पाण्यात बुडवला आणि ते पिवळं झालेलं पाणीसुद्धा वाटीत जपून ठेवलं. कशासाठी, ते कुणालाच कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं. बोट मात्र कडू लागलं होतं, एवढं तिच्या लक्षात होतं.

आणि पुरचुंडी म्हणजे तर हात लावायची गोष्टच नव्हे. सात-आठ वर्षांच्या मुलीचं चर्चमधलं पहिलं कम्युनियन झालं की त्या वर्षापासून दर हंगामात आई तिच्या नावाने चिमूटभर तंतू बाजूला काढणार, तागाच्या फडक्यात बांधून ठेवणार. गाठ आईची. ती सोडायची होणाऱ्या सासूने, बोलणीच्या दिवशी, चार माणसांसमोर. पांढऱ्या फडक्यावर तंतू पसरायचे, वास घ्यायचा, मान डोलवायची, की तारीख ठरली. त्याआधी गाठ सुटलेली दिसली तर लोक एकच अर्थ काढायचे: घरात खायला नव्हतं, पोरीच्या वाटचं खाल्लं. लढाईच्या दिवसांत नुन्त्सियाता आत्याची पुरचुंडी अशीच सुटली होती. आत्या जन्मभर माहेरीच राहिली.

एर्सिलिया तिशीला टेकली होती. तिचं एकदा ठरलेलं मोडलं होतं. तो बाबा बेल्जियमच्या खाणीत गेला आणि तिकडचाच झाला. आता शेजारच्या गावच्या लोरेतोचं स्थळ आलं होतं. लोरेतो कमी बोलायचा, पण जे बोलायचा त्याने तिला हसू यायचं, आणि हसल्यावर तो तिच्याकडे बघत राहायचा. तिला तो हवा होता. उगाच आढेवेढे घेण्याचं तिचं वय राहिलं नव्हतं. अडचण होती ती त्याच्या आईची. पाल्मिराबाईंना सून कमी वयाची हवी होती, आणि या लग्नात खोड काढायला त्यांना निमित्तच पुरे होतं. ते निमित्त आता टेबलावर कांद्याच्या सालांत पडलं होतं.

"एर्सिलिया, अगं काय झालं? तू अशी पांढरी का पडलीस?" एन्रिकाने डाव खाली ठेवला.

एर्सिलियाने सांगितलं. एका दमात, पाणी न घालता सांगितलं.

तेवढ्यात मागच्या दाराने दोमेनिका सरपणाचा भारा घेऊन आत आली. थोरली सून, पान्फिलोची बायको, या घरात वाकून वाकून जिची कंबर गेली ती. तिने पातेलं पाहिलं, पुरचुंडी पाहिली, भारा दाणकन टाकला आणि हात कमरेवर ठेवले.

"वा! काय पण अक्कल!"

"तुम्हीच म्हणालात ना, जाऊबाई, हवं तेवढं घ्या म्हणून!"

"अहो, ते मी उपरोधाने म्हटलं! कुणी येऊन विचारलं, तुमच्याकडे जरा सोनं आहे का हो, भाजीत घालायला, तर माणूस दुसरं काय म्हणणार?" मग ती एर्सिलियाकडे वळली, आणि तिच्या आवाजात काळजीपेक्षा मजाच जास्त होती. "वन्सं, मी आपली आधीच सांगते, मी यात नाही. मी सकाळपासून कोंबड्यांमागे होते. पाल्मिराबाईंनी विचारलं तर मी खरं ते सांगणार. माझ्या हातचं इथे काय आहे, तर फक्त फेरातेल्ले, त्यांचं पीठ मी..."

बोलता बोलता तिने पिठाच्या भांड्यावरचं झाकण उचललं आणि तिचा आवाज बसला.

फेरातेल्ले म्हणजे दोमेनिकाचा मान. लांब दांड्याच्या लोखंडी साच्यात पीठ घालून विस्तवावर भाजलेल्या त्या जाळीदार चकत्या तिच्यासारख्या गावात कुणाला जमत नाहीत, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. भांड्यातलं पीठ पिवळं होतं. अंड्यांचं पिवळं वेगळं. हे त्याच्या पलीकडचं होतं.

"केशराचं पाणी थोडं उरलं होतं," एन्रिका हळूच म्हणाली. "वाया जाऊ नये म्हणून..."

"माझ्या पिठात?"

"गोडात फार छान लागतं, जाऊबाई, शप्पत."

"माझ्या पिठात!" दोमेनिका ओरडली. "अगं ए शहाणे, घरातलं शेवटचं अंडं गेलंय त्यात! आता दुसरं कुठून करू मी?"

एर्सिलियाला एवढ्या संकटातही मनातून बरं वाटलं. आता दोमेनिका वहिनीला बाजूला उभं राहून गंमत बघता येणार नव्हती.

चर्चमधून बाकीचे आले ते असे या गोंधळात. पुढे आई, कोंचेत्सिया, काळ्या ओढणीत. वडील गेल्यापासून ती जास्तच ताठ चालायची. मागे पान्फिलो आणि गाएतानो. पान्फिलो आता घरचा कर्ता, आणि कर्तेपणाची त्याला अजून सवय व्हायची होती, त्यामुळे तो सगळ्या गोष्टी मोठ्याने बोलायचा.

"कुणी? कुणी उघडली?" तो ओरडला. "बाबा असते तर..."

"बाबा असते तर तुला इतकं ओरडू दिलं नसतं," गाएतानो म्हणाला. "तिला माहीत नव्हतं, दादा."

"तू बोलू नकोस! लग्नाला बोलावलं नाहीस ते नाहीस, वर बायको आणलीस ती घर खायला!"

"घर कसलं खातेय? चिमूटभर घेतलंय तिने. पुरचुंडी भरलेलीच आहे. परत बांधा."

"बांधू या की," दोमेनिका पटकन म्हणाली. घटकेपूर्वी खरं सांगायला निघालेली हीच. "आई, तुमचीच गाठ, तुम्हीच मारायची. कुणाला कळतंय?"

पण कुणाला कळणार, हे दर श्वासाला कळत होतं. सगळं घर घमघमत होतं. जिन्यात वास होता, पडद्यांना वास होता, बाहेर रस्त्यावरसुद्धा गेला असणार. पाल्मिराबाईंचं सगळं आयुष्य फुलं सोलण्यात गेलेलं. त्यांना कोपऱ्यावरूनच कळणार होतं.

"मग तो भात डुकराला घाला," पान्फिलो म्हणाला. "आणि खिडक्या उघडा."

"डुकराला?" कोंचेत्सिया पहिल्यांदाच बोलली. "केशर आहे ते, पान्फिलो."

"मग पाहुण्यांपुढे काय ठेवायचं? कोंबडीचं पाणी त्यात, अंडी पिठात! उकडलेले चेस्टनट?"

"दादा, मला बोलू दे." एन्रिका पुढे आली. डोळे लाल झाले होते, पण आवाज स्वच्छ होता. "मी सांगते त्यांना. मी मिलानची, मला तुमच्या रीती माहीत नाहीत, मी न विचारता घेतलं. चूक माझी आहे, ती माझ्याच डोक्यावर राहू दे."

"हेच बरोबर आहे," पान्फिलो लगेच म्हणाला. "बाहेरची आहे, चुकली. पाल्मिराबाईंना पटेल."

"बाहेरची?" गाएतानोची मान वर झाली. तो घरातला सगळ्यात मऊ माणूस, वडिलांसमोर त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं. "दादा, पुन्हा एकदा म्हण."

"म्हणतो की! बाहेरची!"

"थांबा रे," एर्सिलिया म्हणाली. तिचं डोकं दुखायला लागलं होतं. तिला एन्रिकाचा रागच आला होता, अजूनही होता. ज्या गोष्टीला आईशिवाय कुणी हात लावला नाही, ती हिने कांदा चिरता चिरता उघडली. "वहिनी, खरं सांग. तुला एकदाही वाटलं नाही, की विचारावं?"

एन्रिकाने डोळे पुसले. "आमच्याकडे रविवारी आई मला वाण्याकडे पाठवायची. केशर म्हणजे कागदाची एवढीशी पुडी, भुकटी असते आत. एका पुडीत सहा माणसांचा भात. मी येताना पुडीचा वास घेत यायचे, आणि मला वाटायचं, ज्या घरात हे पिकत असेल, त्या घरातली माणसं रोज खात असतील. पोटभर." ती थांबली. "म्हणून नाही विचारलं. मला वाटलंच नाही, की तुम्ही खात नाही."

दोमेनिकाने आपला पिवळा झालेला अंगठा ॲप्रनला पुसला. तो पुसल्याने जाणारा पिवळा नव्हता.

कोंचेत्सिया उठली, चुलीपाशी गेली, लाकडी चमच्याने पातेल्याच्या कडेचा थोडा भात उचलला, फुंकर घातली आणि तोंडात टाकला. मीठ बघायला. घरातल्या कुठल्याही पदार्थाचं मीठ ती बघायचीच, आज कुणाचंही लग्न मोडो किंवा जुळो. ती थांबली. मग तिने तोच चमचा पुन्हा पातेल्यात घातला, आणि या वेळी कडेचा नाही, मधला, भरून घेतला. भिंतीकडे तोंड करून खाल्ला. एर्सिलियाला आईची पाठ दिसत होती. खांदे खाली आले होते. उभ्या जन्मात एर्सिलियाने आईला एखादा घास दुसऱ्यांदा घेताना पाहिलं नव्हतं, पहिलाच घास ती सगळ्यांच्या शेवटी घ्यायची.

"मीठ बरोबर आहे," कोंचेत्सिया म्हणाली. तोंड मात्र तिने लगेच वळवलं नाही.

"आई, पण आता करायचं काय?" पान्फिलोने विचारलं.

"टेबल मांडायचं. आले ते."

आले होते खरेच. दारात लोरेतो होता, नव्या बुटांत अवघडलेला, आणि त्याच्यापुढे पाल्मिराबाई, बुटक्या, रुंद, छातीवर पर्स धरून. नवऱ्याचा गुडघा धरलाय म्हणून ते आले नव्हते. त्यांनी उंबऱ्यातच नाक वर केलं. एकदा, दोनदा. मग काहीही न बोलता आत येऊन दाखवलेल्या खुर्चीवर बसल्या. हे न बोलणं एर्सिलियाला सगळ्यात वाईट वाटलं.

नवी वाइन ओतली गेली. गुडघ्याची चौकशी झाली. पाऊस, व्यापारी, त्याचा दरवर्षीचा रडका सूर, सगळं बोलून झालं. पान्फिलो नको इतका हसत होता. गाएतानो एन्रिकाच्या खुर्चीला खुर्ची लावून बसला होता, जणू कुणी तिला उचलून नेणार होतं. दोमेनिकाने मध्येच एर्सिलियाच्या कानाशी येऊन सांगितलं, "वन्सं, माझे फेरातेल्ले दिसायला तरी झकास झालेत हो," आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून गेली. असं तिने यापूर्वी कधी केलं नव्हतं.

मग भात आला. ताटल्या पुढ्यात ठेवल्या गेल्या आणि दुपारच्या उजेडात त्या सगळ्या एकदम पिवळ्या दिसल्या. लपवायला काही उरलं नाही.

पाल्मिराबाईंनी काटा उचलला नाही. "विहीणबाई," त्या म्हणाल्या, "केशर दिसतंय."

"हो," कोंचेत्सिया म्हणाली.

"व्यापाऱ्याच्या पिशवीतलं?"

पान्फिलोने घसा साफ केला. "त्याचं असं झालं, पाल्मिराबाई, आमची ही धाकटी सून, ती मिलानची, म्हणजे बाहेरची, तिला आपल्याकडच्या..."

एन्रिका उठायला लागली. एर्सिलियाने आईकडे पाहिलं. कोंचेत्सिया आपल्या ताटलीकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती. लग्नाची नव्हे, ती ताटली आता कुणीतरी उचलून नेईल याची. भूक लागलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर असते तशी. आपल्या आईने पहिल्यांदा खाल्लेला घास चोरीचा ठरणार, आणि चोर ठरणार ही रडवेली पोरगी, जिला वाटलं होतं की आम्ही पोटभर खातो.

"माझ्या पुरचुंडीतलं आहे," ती म्हणाली. "माझी होती, म्हणून वापरली. कुणाचा त्यात दोष नाही."

पान्फिलोने कपाळावर हात मारला. लोरेतोने पेला खाली ठेवला.

"तू उघडलीस?" पाल्मिराबाईंनी विचारलं.

"माझी आहे, म्हटलं ना."

"मी सोडायची असते ती गाठ."

"ठाऊक आहे मला."

"ठाऊक असून?"

"हो, ठाऊक असून." एर्सिलियाला आपलाच आवाज ऐकू येत होता आणि तो थांबवावा असं वाटत नव्हतं. "माझी बोटं लहानपणापासून पिवळी आहेत, पाल्मिराबाई. ते लागतं कसं, हे मला आजवर कळलं नाही. आईला आज कळलं. त्यावरून मोडायचं असेल तर मोडा. मला लोरेतो हवा आहे, खोटं कशाला बोलू, मोडलं तर मी रडेन. पण भात डुकराला घालणार नाही."

"एर्सिलिया!" पान्फिलो किंचाळला.

"पुरचुंडी आण," पाल्मिराबाई म्हणाल्या.

एर्सिलियाने आणली. पाल्मिराबाईंनी पर्समधून पांढरंशुभ्र फडकं काढलं, ताटली बाजूला सरकवून ते पसरलं आणि उघड्या पुरचुंडीतले तंतू त्यावर ओतले. बोटांनी पसरले. वाकून वास घेतला. रीतीत काही कमी ठेवलं नाही.

"वाळवलंय कुणी?"

"गेली काही वर्षं मी. आधीचं आईने."

"निखारा कशाचा?"

"बदामाच्या लाकडाचा."

"हं." त्यांनी तंतू पुन्हा फडक्यात गोळा केले, एकही न सांडता, आणि पुरचुंडी एर्सिलियाच्या पुढ्यात ठेवली. मग ताटली ओढली आणि खायला लागल्या. कुणाकडे न बघता, न थांबता, अर्धी ताटली संपेपर्यंत खाल्लं. एर्सिलियाला कळेना की हा होकार आहे की जाण्यापूर्वीचं जेवण.

"माझी याहून मोठी होती," पाल्मिराबाई अचानक म्हणाल्या.

"काय, आई?" लोरेतोने विचारलं.

"माझी पुरचुंडी. मी घरात सगळ्यात धाकटी, माझी आई दर हंगामाला दोन चिमटी टाकायची. लग्न झालं आणि दुसऱ्या आठवड्यात तुझ्या आजोबांनी ती बाजारात नेली. येताना खेचर घेऊन आले."

"कुठलं खेचर?"

"तेच. चावरं."

लोरेतो दचकला. "ते तुझ्या पुरचुंडीचं होतं?"

"तू मोठा होईस्तोवर जगलं ते. रोज सकाळी उठायचं, अंधारात गोठ्यात जायचं, आणि मी माझ्या पुरचुंडीला चारा घालायचे. लाथाही खायचे." त्या हसल्या नाहीत, म्हणून कुणीच हसलं नाही. "मेलं तेव्हा सगळ्यांना वाईट वाटलं. मला विचारलं, तू का रडत नाहीस?"

एन्रिकाने तोंडावर हात ठेवला. दोमेनिका खाली बघत होती. तिची पुरचुंडी कुठे गेली, हे या घरातल्या छपराच्या कौलांना ठाऊक होतं.

"लग्न ईस्टरनंतर करू," पाल्मिराबाई म्हणाल्या. "मुलगी वयाने मोठी आहे हे मला आवडलेलं नाही, ते मी आत्ताच सांगून ठेवते. पण तोंड आहे तिला, ते उपयोगी पडेल. एक अट आहे. ही पुरचुंडी माझ्या दारात आणायची नाही."

पान्फिलो ताडकन उभा राहिला. "म्हणजे काय? उघडली म्हणून? पाल्मिराबाई, हा आमच्या घराचा अपमान..."

"बस रे बाबा खाली. अपमान कसला? आमच्याकडे ट्रॅक्टरचं चाललंय."

"आई!" लोरेतोचे कान लाल झाले.

"आई काय? बापलेक दोघं जाऊन बघून आलात ना? लाल रंगाचा? मला कुणी सांगत नाही म्हणून मला कळत नाही होय?" त्या एर्सिलियाकडे वळल्या. "तू आणलीस, की ती तुझी राहायची नाही. मागणार कुणी नाही. गोड बोलतील, जेवताना विषय काढतील, आणि तूच एक दिवस उठून देशील. मीही दिलीच की, माझ्याच हाताने. म्हणून सांगते, इथे आईकडे ठेव. आलीस की खा. मलाही बोलाव."

एर्सिलियाने लोरेतोकडे पाहिलं. हसवणारा, कमी बोलणारा तिचा माणूस, आणि त्याच्या मनात लाल ट्रॅक्टर. राग आला, खूप आला. पण तो मान खाली घालून पळाला नाही, एवढं तिने पाहिलं.

"खरं आहे का हे?" तिने विचारलं.

"सगळी नाही घेणार होतो," तो म्हणाला. "आगाऊ रकमेपुरती." मग त्यालाच ते ऐकवेना. त्याने आईकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखं. "राहू दे ती इथेच, एर्सिलिया. ते खेचर मलाही चावलं होतं. ट्रॅक्टरचं मी बाबांना सांगतो. ओरडतील."

"ओरडू देत," पाल्मिराबाई म्हणाल्या. "गुडघा धरलाय, मागे धावता यायचं नाही."

आता मात्र सगळे हसले. गाएतानोने वाइन ओतली आणि पहिला पेला पान्फिलोपुढे ठेवला, पान्फिलोने तो उचलला आणि काही न सुचून एन्रिकाला म्हणाला, "बरा झालाय भात." दोमेनिका फेरातेल्ल्यांची परडी घेऊन आली आणि कुणी विचारायच्या आतच सांगू लागली, की हा रंग मुद्दाम दिलाय.

पाल्मिराबाईंची ताटली रिकामी झाली होती. काट्याने त्या शेवटची चार शितं गोळा करत होत्या.

"विहीणबाई," त्यांनी हळू आवाजात विचारलं, "आपण काय विकत होतो, हे तुम्हाला ठाऊक होतं का हो?"

"नाही," कोंचेत्सिया म्हणाली.

ती उठली, चुलीवरचं पातेलं घेऊन आली, बुडाला धरलेली पिवळी खरपुडी चमच्याने खरवडून काढली, आणि दोघींच्या ताटल्यांत अर्धी अर्धी वाढली.